दमा, वजन आणि आपलं मैदान
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. "तू आयटीतली, तर एआयवर बोल" असा निरोपही दिला होता. मी नम्रपणे नाही म्हटलं. एआयबद्दल तुमच्या मोबाइलवर रोज काही ना काही येतंच. मला बोलायचंय ते दमा, वाढतं वजन आणि रोगप्रतिकारशक्ती या तीन गोष्टींबद्दल. शेवटी एक मागणीही करणार आहे, आणि ती आपल्या बॅचच्या निधीबद्दल आहे, म्हणून जेवण जड झालं असलं तरी जागे राहा.

हाच विषय का? गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपवर काय काय आलं ते आठवा. कुणाला बीपीची गोळी सुरू झाली. कुणाच्या शुगरचा रिपोर्ट आला. एकाच्या मुलाला नेब्युलायझर लावायला पहाटे तीन वाजता दवाखान्यात न्यावं लागलं. आणि या सगळ्याच्या मध्ये मध्ये इम्युनिटी वाढवणारे काढे, सात दिवसांत पोट सपाट करणारी पावडर आणि दमा मुळापासून घालवणारं चूर्ण. आपण आता ४६-४७ वर्षांचे झालो. या वयात कुठली गोष्ट खरी मानायची, हा प्रश्न गमतीचा राहत नाही.

मी डॉक्टर नाही. पण पाचवीपासून माझ्याकडे दमा आहे, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते माहीत आहे. त्यामुळे या विषयावर मला डॉक्टरांना भरपूर प्रश्न विचारावे लागले आणि भरपूर वाचावंही लागलं. आपल्या बॅचमधले दोन्ही डॉक्टर पहिल्या रांगेत बसलेत. कुठे शंका आली तर त्यांनी खुशाल हात वर करावा.

आधी दमा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. छातीत श्वासनलिका झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात, टोकाकडे बारीक बारीक होत जातात. दमा असलेल्या माणसाच्या या नळ्यांना आतून सूज असते. डॉक्टर त्याला दाह म्हणतात. त्या सुजेमुळे नळ्या हळव्या होतात. धूळ, धूर, परागकण, गार हवा, साधी सर्दी, यातलं काहीही लागलं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट स्राव साठतो आणि छातीत शिट्टी वाजायला लागते. आपल्या भागात ऊसतोड संपली की पाचट पेटवतात, तेव्हा ज्यांना त्रास होतो त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. उदबत्ती आणि डासांची कॉइलही त्यातच धरा. एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले होते. आणि आपण ती मुलांच्या उशाशी, खिडक्या बंद करून लावतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. धाप थांबली म्हणजे दमा थांबला असं नसतं. दोन झटक्यांच्या मधल्या काळातही आतली सूज राहते. म्हणून औषधं दोन प्रकारची असतात. एक आवळलेले स्नायू लगेच सैल करणारं, आणि दुसरं रोज थोडं घेऊन सूज आटोक्यात ठेवणारं. आपल्याकडे लोक पहिलं घेतात आणि दुसरं टाळतात, कारण "पंपाची सवय लागते." २०१९ मध्ये दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत मोठा बदल झाला. मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या तात्पुरत्या आराम देणाऱ्या पंपावर राहू नये, सूज कमी करणारं औषधही पोटात नव्हे तर श्वासातून जायलाच हवं, असं त्यात स्पष्ट सांगितलं गेलं.

सवयीच्या भीतीवर मी एक साधं गणित सांगते. साल्ब्युटामॉल पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅमची असते. एका गोळीत ४० फवाऱ्यांइतकं औषध. गोळी सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातलं औषध थेट हवं तिथे जातं, म्हणून इतकं कमी पुरतं. तरी आपल्याकडे गोळी साधी वाटते आणि पंप शेवटचा उपाय वाटतो. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. या दोन आकड्यांमधल्या अंतराला पंपाची लाज आणि अर्धवट सोडलेले उपचार बऱ्याच अंशी जबाबदार आहेत. म्हणून मी पुढे आहार आणि व्यायामाबद्दल जे सांगणार आहे, ते औषधांच्या जोडीने करायचं आहे. भाषण ऐकून कुणी पंप बंद केला, असं व्हायला नको.

आता वजनाकडे येऊ.

आपण शाळेत जीवशास्त्रात शिकलो तेव्हा चरबी म्हणजे शरीराचं कोठार, जास्तीचं अन्न साठवायची जागा, इतकंच होतं. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन नावाचं संप्रेरक शोधलं. ते चरबीच्या पेशींतूनच तयार होतं आणि मेंदूला निरोप देतं. तेव्हापासून चरबीकडे बघण्याची दृष्टीच बदलली. चरबी ही रासायनिक संदेश सोडणारी एक मोठी ग्रंथीच म्हणायला हवी. पोटाच्या आत ती प्रमाणाबाहेर वाढली की प्रतिकारसंस्थेच्या पेशी तिथे येऊन ठाण मांडतात आणि सगळ्या शरीरात एक मंद दाह सुरू राहतो. ताप येत नाही, दुखत नाही, पण मधुमेह, हृदयविकार आणि दमा या तिन्हींना त्यातून खतपाणी मिळतं.

दम्याच्या बाबतीत आणखी एक सरळ यांत्रिक कारण आहे. पोटावरची चरबी श्वासपटलाला वर ढकलते. फुप्फुसांना पसरायला जागा कमी मिळते आणि बारीक नळ्या आणखी अरुंद होतात. काही जणांना त्यात आम्लपित्त वर येण्याचा त्रास होतो आणि रात्री खोकला वाढतो. लठ्ठपणा असलेल्या काही रुग्णांत नेहमीचं पंपातलं औषधही तितकंसं लागू पडत नाही.

मग हे चक्र सुरू होतं. धाप लागते म्हणून हालचाल कमी. हालचाल कमी म्हणून वजन जास्त. वजन जास्त म्हणून धाप आणखी. मध्येच झटका आला की स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स, त्याने भूक वाढते, वजन आणखी वर. आमच्या कामात अशा गोष्टीला फीडबॅक लूप म्हणतात. अशा चक्राचा एक फायदाही असतो. ते कुठल्याही एका जागी तोडलं तरी बाकीचं सैल पडायला लागतं.

"पण मी तर बारीक आहे" असं म्हणणारे इथे बरेच आहेत. त्यांच्यासाठी पुण्याचं एक उदाहरण. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान असतील असं वाटेल. पण त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरलेले होते, चरबी मात्र तुलनेने टिकून होती. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबीचं प्रमाण मात्र एकाचं ९.१ टक्के आणि दुसऱ्याचं २१.२ टक्के. जास्त कोणाचं, ते सांगायला नको.

म्हणून आपल्यासाठी मोजमापं वेगळी आहेत. आंतरराष्ट्रीय मोजमापांत बीएमआय २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी या रेषा २३ आणि २५ वर आहेत. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंची असेल तर ५९ किलोपर्यंत ठीक, ६४ च्या पुढे लठ्ठपणा. वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत आंतरराष्ट्रीय रेषा लावूनसुद्धा २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. भारतीय रेषा लावली तर या सभागृहातले किती जण त्यात बसतील याचा अंदाज मी करत नाही. आत्ताच श्रीखंड-पुरी झाली आहे.

तिसरी गोष्ट आहाराची.

दम्याच्या माणसाला आपल्याकडे न खायच्या गोष्टींची यादी तोंडपाठ असते. केळं नको, दही नको, ताक नको, भात नको, पेरू तर नकोच. माझ्या आजीची यादी यापेक्षा लांब होती. खरी अन्नाची ॲलर्जी असते, आणि ज्याला आहे त्याने ती वस्तू टाळलीच पाहिजे. टिकवण्यासाठी सल्फाइट घातलेल्या सुक्या मेव्याने काहींना त्रास होतो. पण दमा आहे म्हणून सरसकट फळं आणि दही तोडायला काही आधार नाही. उलट त्याचा तोटाच होतो.

ऑस्ट्रेलियात दम्याच्या रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. एका गटाला रोज पाच वाट्या भाज्या आणि दोन फळं, दुसऱ्या गटाला भाज्या-फळं अगदी कमी. कमी खाणाऱ्या गटात पुढच्या काही आठवड्यांत दमा उसळण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. यातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट पुढची आहे. कमी भाज्या खाणाऱ्यांपैकी काही जणांना टोमॅटोतल्या लाल रंगद्रव्याच्या गोळ्या दिल्या होत्या. त्याने फरक पडला नाही. भाजीचं काम भाजीनेच केलं.

२०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराच्या नव्या सूचना काढल्या. त्यात दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत, म्हणजे ताटाचा जवळपास अर्धा भाग. आपल्या ताटात भाजी कोपऱ्यात असते आणि मधली जागा भात-पोळीने अडवलेली असते. तेवढी अदलाबदल केली तरी पुष्कळ झालं.

प्रथिनांचंही तसंच. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. ६० किलोच्या बाईला रोज ५० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर कोरड्या डाळीत, म्हणजे ३० ग्रॅममध्ये, ७ ग्रॅमच्या आसपास, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम. आता सकाळी चहा-बिस्किट, दुपारी दोन पोळ्या आणि उरलेली बटाट्याची भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा आणि खारी, असं ज्यांचं खाणं आहे त्यांनी बेरीज करून बघावी. घरातल्या बाईने सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, ही पद्धत आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. उसळीतली मटकी मुलांना आणि रस्सा आईला. आणि उपासाच्या दिवशी साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात आणि प्रतिकारशक्तीही घटते, कारण प्रतिपिंडं ही प्रथिनांचीच बनलेली असतात.

साखरेचंही एक गणित सांगते. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, एका चमच्यात ४ ग्रॅम धरा. झाली ३२ ग्रॅम. महिन्याला जवळपास एक किलो, नुसत्या चहातून, एका माणसामागे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत हवी, आणि २५ च्या आत असेल तर उत्तम. साखर कारखान्याच्या तालुक्यात उभं राहून हे बोलणं धाडसाचं आहे, याची मला कल्पना आहे.

आपलं जुनं खाणं मुळात वाईट नव्हतं. ज्वारीची भाकरी, पिठलं, मेथी, कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी, ताक. शाळेत असताना आपल्यातल्या बहुतेकांच्या डब्यात हेच असायचं. त्यावर आपण दोन-दोन तास मैदानावर धावायचो. म्हणजे तुम्ही धावायचात.

यावरून व्यायामाकडे वळते.

मी पी.टी.च्या तासाला दप्तरांपाशी बसायचे. आईने शाळेला चिठ्ठी दिली होती आणि डॉक्टरांनीही "पळायचं नाही" असं सांगितलं होतं. सरांनी मला खो-खोचे गुण लिहायला दिले, शिट्टी दिली, कधी एकटं वाटू दिलं नाही. सर, ते मी विसरलेले नाही. त्या काळात दम्याच्या मुलाला जपणं म्हणजे त्याला बसवून ठेवणं, असंच सगळ्यांना वाटायचं. आज वैद्यकशास्त्र नेमकं उलटं सांगतं.

धावल्यावर दमेकऱ्याला धाप का लागते? जोरात श्वास घेताना आपण तोंडाने हवा ओढतो. ती नाकातून गरम आणि ओलसर होऊन जात नाही. कोरडी हवा नळ्यांच्या अस्तरातलं पाणी शोषते, त्याने अस्तर चिडतं आणि नळ्या आवळतात. कारण कळलं की उपायही दिसतात. आधी दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अंग गरम करायचं. एकदम धाव घ्यायची नाही. थंडीत नाका-तोंडावर रुमाल बांधायचा. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळण्याआधी पंप घ्यायचा. धूर असेल त्या दिवशी घरात व्यायाम करायचा. आणि मुळात सूज कमी करणारं औषध रोज चालू ठेवायचं.

१९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंच्या चमूत ६७ जणांना व्यायामाने चाळवणारा दमा होता. त्या ६७ जणांनी ४१ पदकं मिळवली. हे वाचलं तेव्हा मी चाळिशीची होते. दहावीत असताना कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

दम्याच्या रुग्णांना व्यायाम दिलेल्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आहेत. व्यायाम त्यांना झेपतो, दमसास वाढतो, रोजचं जगणं सोपं होतं, असं त्यात दिसतं. फुप्फुसाच्या चाचणीतले आकडे मात्र फारसे बदलत नाहीत. म्हणजे नळ्या त्याच राहतात, पण तीच चढण चढायला शरीराला कमी श्वास पुरतो. ब्राझीलमधल्या साओ पाउलो इथे लठ्ठ दमेकऱ्यांचे दोन गट केले होते. दोघांनाही वजन कमी करायचा आहार दिला. एका गटाला त्यासोबत तीन महिने खरा व्यायाम, दुसऱ्याला नुसते हातपाय ताणण्याचे आणि श्वासाचे हलके प्रकार. व्यायाम करणाऱ्यांचा दमा जास्त चांगला आटोक्यात आला. नुसत्या डाएटपेक्षा दोन्ही मिळून जास्त काम करतात, ते यातून दिसलं.

ज्यांना दमा नाही त्यांनाही हे लागू आहे. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. नोकरी त्याच बसमध्ये. हृदयविकार चालकांना जास्त, वाहकांना कमी. आमच्या आयटी कंपन्यांत सगळेच चालक झालेत, वाहक उरलाच नाही.

मग किती करायचं? आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढंही करत नव्हते. पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. "घरात दिवसभर राबते की" असं आपण म्हणतो. तर एक सोपी खूण सांगते. चालताना बोलता यायला हवं, पण गाणं म्हणता येऊ नये. एवढा श्वास वाढत असेल तरच तो व्यायाम. कपड्यांच्या घड्या घालताना गाणं सहज म्हणता येतं. आणि दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला काढलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो. स्नायूंसाठी सूर्यनमस्कार आहेतच, ते शाळेनेच शिकवलेत.

माझं स्वतःचं सांगायचं तर अडीच वर्षांत ७४ किलोवरून ६६ वर आले आहे. आधी दहा मिनिटं सावकाश चालायचं, मग वेग वाढवायचा, शनिवार-रविवार जिने आणि सूर्यनमस्कार. रोजचा पंप चालूच आहे. पण तातडीचा पंप पूर्वी महिन्याला चार-पाच वेळा लागायचा, तो आता दोन-तीन महिन्यांत एखादे वेळी लागतो. गेल्या डिसेंबरात सिंहगड पायी चढले. सव्वादोन तास लागले, माझ्यापुढून आजोबा-आजी गेले, पण चढले.

आता शेवटचा मुद्दा, इम्युनिटीचा. करोनापासून हा शब्द घराघरात गेला. इम्युनिटी बूस्टर म्हणून काहीही विकलं जातं. पण दमा हा काही प्रतिकारशक्ती कमी असल्याचा आजार नाही. परागकणासारख्या निरुपद्रवी गोष्टीवर प्रतिकारसंस्था तुटून पडते, तेव्हा बहुतेकांना दमा होतो. ती आणखी वाढवून काय साधणार? आपल्याला हवा आहे तो समतोल. जिथे लढायचं तिथे लढणारी आणि एरवी गप्प बसणारी संस्था.

समतोल राखणाऱ्या गोष्टी स्वस्त आणि कंटाळवाण्या आहेत. पहिली झोप. अमेरिकेत १५३ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाली. दुसरी गोष्ट व्यायाम. हजार प्रौढांवर बारा आठवडे नजर ठेवली, तेव्हा आठवड्यातून पाच किंवा जास्त दिवस व्यायाम करणाऱ्यांचे सर्दी-पडशाचे दिवस ४३ टक्क्यांनी कमी होते. तिसरी, पुरेशी प्रथिनं आणि भाज्या. चौथी लस. दम्याच्या रुग्णाला फ्लू झाला तर त्रास जास्त होतो, म्हणून दरवर्षीच्या लशीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि गोळ्या? क जीवनसत्त्व रोज घेतलं तरी सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, मोठ्यांत तिचा मुक्काम साधारण ८ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे सात दिवसांची सर्दी साडेसहा दिवसांत जाते. ड जीवनसत्त्वाची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने सगळ्या चाचण्या तपासून सांगितलं, की त्याने दम्याचे मोठे झटके कमी होत असावेत. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या. त्या धरून २०२३ मध्ये त्याच संस्थेने पुन्हा तपासलं आणि तसा फायदा दिसत नाही असं जाहीर केलं. रक्तात ड जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टर देतील ते घ्यायचंच. पण नवीन पुरावा आला की आधीचं मत बदलायची तयारी ठेवणारे लोक मला जास्त विश्वासाचे वाटतात. चूर्णवाल्याचं मत चाळीस वर्षं बदललेलं नसतं. काढा आवडत असेल तर प्या, घशाला बरं वाटतं. त्याच्या भरवशावर पंप सोडू नका.

आता मागणी.

आपल्या बॅचने शाळेसाठी निधी गोळा केला आहे. तो कशासाठी वापरायचा हे संध्याकाळच्या बैठकीत ठरणार आहे. स्मार्ट बोर्ड आणि संगणक कक्ष अशी सूचना पुढे आहे आणि त्यासाठी माझं नावही घेतलं गेलं. मी आयुष्यभर संगणकावर काम केलं आहे आणि करणार आहे. तरीही माझं मत मैदानाला आहे. सकाळी मी मैदानावर फिरून आले. अर्ध्या भागात खडी उघडी पडली आहे, कुंपणापाशी गवत आणि कचरा आहे, आणि कचरा तिथेच जाळल्याच्या खुणा आहेत. आजची मुलं आपल्याइतकी धावत नाहीत, आणि त्यांना स्क्रीन कमी पडतोय असं म्हणता येणार नाही.

माझ्या सूचना पाच आहेत. एक, मैदान सपाट करून त्यावर मुरूम-माती टाकावी आणि कडेने झाडं लावावीत. दोन, शाळेच्या आवारात कचरा आणि पालापाचोळा जाळणं बंद करून खतासाठी खड्डा करावा. तीन, खेळाच्या खोलीत एक पेटी असावी. तिच्यात साल्ब्युटामॉलचा पंप, स्पेसर आणि झटका आला तर काय करायचं याचा डॉक्टरांनी लिहून दिलेला मराठी तक्ता. या पेटीचा खर्च एका स्मार्ट बोर्डापुढे काहीच नाही. चार, आपल्या दोन डॉक्टरांनी वर्षातून एकदा सगळ्या शिक्षकांना आणि शिपाईमामांना तासभर हे शिकवावं. दोघांनी मघाशी चहाच्या वेळी होकार दिला आहे, आता तो सगळ्यांसमोर सांगितल्यामुळे मागे घेता येणार नाही. पाच, दम्याच्या मुलाच्या पालकांनी चिठ्ठी आणली, तर तिच्यात "खेळू देऊ नये" यापेक्षा "कसं खेळू द्यावं" हे डॉक्टरांकडून लिहून आणायला सांगावं.

आजच्या पटावर किती मुलांना दमा आहे, हे मी मुख्याध्यापकांना विचारलं. तशी नोंद ठेवत नाहीत असं कळलं. तर सुरुवात त्या नोंदीपासून करता येईल, आणि ते सॉफ्टवेअर मी फुकट करून देईन.

संध्याकाळच्या बैठकीत मतभेद होतील, व्हावेत. संगणक कक्षाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी पूर्ण ऐकून घेईन. फक्त बैठकीला येण्याआधी प्रत्येकाने मैदानाला एक फेरी मारून यावं, एवढीच विनंती. अर्धा तास लागेल, आजच्या दिवसाचा व्यायामही होईल.